अँटिक टोपाचं गाऱ्हाणं

मी एक जुना टोप आहे, असं मला अलीकडेच कळलं.

त्याआधी मी नुसता टोप होतो. मित्रांनो, तुम्ही कधी मालवणच्या बाजूला आला असाल आणि आमच्या खालच्या वाडीत कोणाच्या लग्नाला नाहीतर पूजेला पंगतीत बसला असाल, तर आपली ओळख जुनीच आहे. माझ्यात शिजलेलं काळ्या वाटाण्यांचं सांबारं तुम्ही वड्यांबरोबर खाल्लं, पुन्हा मागून घेतलं, हात धुतले आणि निघून गेलात. टोपाकडे कोण बघतो? नवरीकडे बघतात, नवऱ्याकडे बघतात, फार तर आचाऱ्याकडे बघतात.

मी पितळेचा. मला घडवताना तांबटाने इतके ठोके घातले, की समोरच्या घरातल्या बहिऱ्या म्हाताऱ्याला ऐकू यायला लागलं. ठोके थांबले आणि तो बिचारा पुन्हा बहिरा झाला. माझं पोट तर एवढं मोठं, की एका लग्नात नवऱ्याचा मामा उन्हाने हैराण होऊन माझ्या आत उतरून झोपला आणि मामाशिवाय लग्न लागलं. हे खरं का, असं तुम्ही विचाराल. रिकामं भांडं फार वाजतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी पुष्कळ दिवस रिकामा होतो, तेव्हा थोडा वाजणारच. आज जे सांगणार आहे त्यातलं अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं, ते मलाही अजून नीट उमगलेलं नाही.

मला या घरात आणलं हरीच्या आजोबांनी. माझा सगळा संसार मात्र झाला तो हरीच्या आईच्या, हौसाबाईच्या हाताखाली. वाडीत कोणाकडे कार्य निघालं की माणूस दारात यायचा आणि अजून तोंड उघडतो न उघडतो तोच हौसाबाई म्हणायची, "टोप पडवीत आसा, घेवन जा." कोण, कुठला, किती दिवस, काही विचारणं नाही. माझ्या दोन्ही कड्यांतून बांबू घालायचा आणि दोघांनी खांद्यावर उचलायचं. मग चुलाणावर ठेवण्याआधी बायका माझ्या अंगाला चिखलराखेचा लेप लावायच्या, म्हणजे काजळी चिकटत नाही. खाली नारळाची सोडणं आणि माडाची सुकी चुडतं पेटायची. पोटात वाटाणे उड्या मारायला लागायचे. वर वाटलेलं खोबरं पडलं की जो वास सुटायचा, तो हुंगून समुद्रात गेलेल्या होड्या जाळी न टाकताच माघारी वळायच्या. अर्थात होड्यांनी हे कधी कबूल केलं नाही.

उन्हाळ्यात कल्हईवाला यायचा. तो भाता मारून मला तापवायचा, आत नवसागराची पूड टाकायचा आणि कथील फिरवून माझं पोट चांदीसारखं करून द्यायचा. "बाहेरसून कसोय दिसांदे," हौसाबाई त्याला सांगायची, "आतसून सोजळ व्हयो. लोक आतला खातत."

पुढे गॅस आला, कॅटरर आले, अल्युमिनियमची भांडी आली. मला मांगरात नेऊन ठेवलं. हे घराबाहेरचं खोपट म्हणजे अडगळीची जागा. तिथे एका कोंबडीने माझ्यात संसार मांडला. मी तक्रार केली नाही. ऊब ती ऊब. तरी वाडीच्या पूजेला वर्षातून एकदा मला न्यायचेच, आणि कोंबडीही तेवढ्या दिवसापुरती समजून घ्यायची. मग हौसाबाई गेली आणि हरी मुंबईची नोकरी सोडून कायमचा घरी आला.

हरीचं पूर्ण नाव हरिश्चंद्र. शेजारच्या रुक्मिणीकाकी म्हणायच्या, "नावाच्या राजान सगळा राज्य देवन टाकल्यान. आमचो हरिश्चंद्र वाऱ्यान पडलेली झावळ देणा नाय." आणि ते खरं होतं. याच्या माडाची झावळ दुसऱ्याच्या कुंपणात पडली, तर हा ती मागायला जायचा. झावळीचं तो काही करायचा नाही. आणून आपल्या कुंपणात टाकायचा, एवढंच. घराकडून किनाऱ्याला जाणारी पायवाट त्याने तारेने बंद केली. अंगणातल्या नळाला कुलूप घातलं. पण मित्रांनो, हरी वाईट होता असं काही मी म्हणणार नाही. त्याला लहानपणी माझ्याच तळाची खरवड खाताना मी पाहिलंय. मला वाटतं, मुंबईत फार वर्षं भाड्याच्या खोलीत काढल्यामुळे असेल, त्याला जिथे तिथे 'हे माझं' असं म्हणून बघायचं होतं. फक्त, 'माझं' म्हणून झाल्यावर पुढे काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. तो नुसता बघत बसायचा.

त्याने घराला लागून पर्यटकांसाठी नव्या खोल्या बांधल्या. ओरोसच्या जिल्हा कचेरीत हेलपाटे घालून परवान्याचे कागद आणले. एक दिवस शहरातून सजावट करणाऱ्या बाई आल्या. त्या मांगरात डोकावल्या आणि मला बघून किंचाळल्याच. मला वाटलं कोंबडी चावली. पण त्या हरीला म्हणाल्या, "हा अँटिक पीस तुम्ही असा ठेवलाय?"

अँटिक म्हणजे जुना. मी गोंधळलो. मी काळाकुट्ट होतो, पोचे पडलेले होते, तेव्हा मला कोणी जुना म्हटलं नाही; फार तर 'मेलो काळो टोप' म्हटलं. आणि आता माझी काजळी यंत्राने घासून काढली, पोचे ठोकून सरळ केले, अंगाला चकचकीत लाख फासली, अगदी नव्यासारखा केला, तेव्हा लोक म्हणायला लागले, केवढा जुना आहे. आत मात्र कोणी हात लावला नाही, कारण आत बघणार कोण? तिथे हौसाबाईने शेवटची करून घेतलेली कल्हई तशीच होती. तिच्यावर त्यांनी प्लॅस्टिकची कमळं ठेवली.

मी दारात उभा राहिलो. येणारा-जाणारा माझ्या शेजारी उभा राहून स्वतःचा फोटो काढायचा. मला कळेना, हे मान देतायत की मी मेलोय आणि दर्शनाला येतायत. पोटात अन्न नाही, खाली जाळ नाही, आणि सगळे म्हणतात काय सुंदर. पहिल्यांदा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग एका दुपारी सुशांत प्लंबर आला. त्याने मला उलटा केला आणि माझ्या बुडावर खडूने वर्तुळ काढलं.

"हंयसून पाइप वर घेवया," सुशांत हरीला म्हणाला. "पाणी वर उडात, बाजून खाली पडात. झ्याक कारंजा होयत."

"भोक मोठा पडात काय रे?"

"पाइपाएवढा पडूकच व्हया. पण हरीभाव, मगे ह्यात काय शिजवूक येवचा नाय हां."

"आता कोण शिजवता?" हरी म्हणाला. "आदी देवाक गाऱ्हाणा घालतंय, मगे तू मशीन घेवन ये."

मित्रांनो, केसाएवढं भोक असतं तर डाग देऊन बुजवता येतं. पाइपाएवढं भोक पडलेला टोप म्हणजे मग टोपच नव्हे. मी त्या खडूच्या वर्तुळावर बसून राहिलो. कारंजं म्हणजे काय हे मला कळलं नव्हतं. भोक म्हणजे काय ते कळलं होतं.

त्याच आठवड्यात रुक्मिणीकाकी आल्या. वाडीची पूजा तोंडावर आली होती.

"हरी, टोप न्हेवक माणसां धाडतंय रे."

हरी वर्तमानपत्रातून वर बघेना. "काकी, तो आता टोप नाय. अँटिक पीस आसा."

"पीस खंयचो? अख्खो टोप आसा तो."

"विस्तवार ठेवलो तर काळो होतलो."

"काळो होवक नको तर तो जन्माक कित्याक इलो?" काकी म्हणाल्या.

"कॅटररकडे अल्युमिनियमचे गावतत, ते हाडा. भाड्याचा बघून घेवया."

हरीच्या डोक्यावरून काकींनी भिंतीवरच्या हौसाबाईच्या फोटोकडे पाहिलं. "अल्युमिनियमात वाटाणे शिजतत, हरी," त्या म्हणाल्या. "सांबारा होणा नाय." आणि गेल्या. जाताना हरीने घातलेल्या तारेला वळसा घालून, लांबच्या वाटेने गेल्या.

आता गाऱ्हाणं म्हणजे काय, ते परगावच्या मित्रांना सांगायला हवं. आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आरंभी देवापुढे नारळ ठेवतात आणि एक जाणता माणूस देवाला सगळं बोलून सांगतो: अमक्याने हे काम धरलंय, त्याला यश दे, इडापिडा टाळ. त्याच्या दर वाक्याला जमलेली माणसं म्हणतात, 'व्हय म्हाराजा'. हे 'व्हय' महत्त्वाचं. ज्याचं मागणं असतं त्याने ते म्हणायचं नाही, दुसऱ्यांनी म्हणायचं. तुझं भलं व्हावं याला चार माणसांची कबुली आहे का, हे देवाने तपासून घेण्याची ही रीत. चार माणसं म्हणाली की झालं. ते मग टळत नाही.

हरीने मुहूर्त धरला तो नेमका वाडीच्या पूजेच्या सकाळचा. सगळी वाडी मंडपात गुंतलेली असणार, इकडे कोणी फिरकणार नाही, कोणाला चहा-फराळ द्यायला नको. त्याची बायको रश्मी पहाटेच मंडपात नारळ खोवायला गेली होती. हरीला विचारून नव्हे. उरली मुलगी सलोनी, कणकवलीला कॉलेजात शिकणारी. हरीने तिच्याकडून एक छोटा स्पीकर तयार करून घेतला होता.

"बाबा, गाऱ्हाण्याक माणसां लागतत," सलोनी म्हणाली. "स्पीकर नाय."

"आवाज माणसांचोच आसा मां? तुज्याकडे जत्रेचा रेकॉर्डिंग आसा. तेतला नुसता 'व्हय म्हाराजा' काढून घातलंस काय?"

"घातलंय. परत परत वाजत रवतला. पण देव काय खुळो आसा?"

"तू बंद कसो करूचो ता सांग."

"माका मंडपात वाढूक जावचा आसा," असं म्हणून सलोनीने स्पीकर माझ्या पोटात कमळांच्या मधोमध ठेवला, बटण दाबलं आणि गेली. पोटात ठेवायची कल्पना हरीचीच. टोपात आवाज घुमतो, म्हणजे गर्दी मोठी वाटते.

गाऱ्हाणं घालायला सत्यवानतात्या आले. वाडीचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं तेच घालतात. त्यांना दमा आहे, पण देवाशी बोलताना तो लागत नाही. त्यांनी दारातली मोकळी जागा पाहिली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"माणसां खंय आसत?"

"टोपात," हरी म्हणाला.

तात्या वाकले. माझ्या पोटातून वाडीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." तात्या बराच वेळ तसेच वाकून राहिले. ते हसतायत की रागावलेत, मला दिसेना. मला त्यांचं फक्त नाक दिसत होतं.

"बरा," ते सरळ होत म्हणाले. "मगे काय मागूचा?"

"तात्यानू, फक्त माज्या घराचा सांगा. वाडयेचा सगळा रामायण नको. दरवर्षी तुमी कोणकोणाची गुडघेदुखी काढतास. आज माजाच सांगा."

"तुजाच सांगतंय," तात्या म्हणाले, आणि नारळ हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले. "हे देवा म्हाराजा, आज ह्या हरिश्चंद्रान नया घर बांधून तुका नारळ ठेवलो आसा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. म्हणजे माझं पोट म्हणालं.

"ह्या घराचा जा काय बरा होतला, ता एकट्या हरीचा होवंदे. वाडयेत कोणाचा बरा झाला नाय तरी चलात."

"व्हय म्हाराजा."

हरीने मान हलवता हलवता थांबवली.

"हेका कोणाची गरज पडाक नको. हेच्या दारात कोण येवक नको, हेका कोणाच्या दारात जावक नको."

"व्हय म्हाराजा."

"तात्यानू, ह्या काय सांगतास?"

तात्यांनी एक डोळा उघडला. "तूच सांगितलंस मां रे? मी फक्त तुज्या मागण्याचे कपडे काढून ता देवासमोर उभा केलंय." आणि डोळा मिटून पुढे, "हेचा जा आसा ता हेच्याकडेच रवांदे, आणि ह्यो तेच्याबरोबर एकटो रवांदे, म्हाराजा."

आणि तेव्हा, मित्रांनो, ते झालं. सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा' म्हणून संपलं, आणि त्यामागून एक आवाज सावकाश, लांबवत आला. "व्हऽऽय म्हाराजा." हौसाबाई नेहमी सगळ्यांच्या मागून म्हणायची. आधी नीट ऐकून घ्यायची, मगच हो म्हणायची. सलोनीकडचं रेकॉर्डिंग आजीच्या शेवटच्या जत्रेचं होतं, हे हरीला ठाऊक नव्हतं. आधीच्या वेळी तो ऐकत नव्हता, मान हलवत होता. आता ऐकलं.

मला स्वतःला त्या क्षणी काहीच उलगडेना. हौसाबाई माझ्या पोटात कशी आली? आली ती आली, आणि पोराने एकटं राहावं याला हो कशी म्हणते?

हरी माझ्या काठाला धरून वाकला. "आये?"

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली, आणि मागून ती.

"आये, तू तरी असा म्हणा नको गो. मी एकटोच रवतलंय काय?"

"व्हय म्हाराजा."

त्याने हात घालून कमळं बाहेर फेकली, स्पीकर धरला, एक बटण दाबलं. आवाज वाढला. दुसरं दाबलं, आणखी वाढला. घरात, खोल्यांत, कुलूप लावलेल्या नळापर्यंत आवाज घुमला. हरीच्या कपाळावर घाम आला. त्याचा चेहरा मी लहानपणापासून ओळखतो. जत्रेत आईचा हात सुटला होता तेव्हा तो असा दिसत होता.

"तात्यानू, मागे घेवा ता. माका नको."

"गाऱ्हाणा मागे घेवक येणा नाय," तात्या म्हणाले. आता ते हसत नव्हते. "चार तोंडान देवासमोर जा झाला ता झाला. दुसरा घालून पयला पुसूचा लागता. तेका जिती माणसां लागतत."

"ती खंय गावतली?"

"आज? सगळी मंडपात आसत. पण हरी, तुज्यासाठी तोंड कित्याक उघडतली ती?"

नेमका त्याच वेळी सुशांत भोक पाडायचं मशीन घेऊन दारात आला. हरीने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मांगरात जाऊन बांबू आणला, माझ्या कड्यांतून घातला आणि म्हणाला, "ता मशीन खाली ठेव. मागसून धर."

"हरीभाव, भोक मंडपात पाडूचा आसा?"

"धर म्हणतंय मां."

असे आम्ही निघालो. पुढे हरी, मागे सुशांत, मध्ये मी झुलतोय, आणि माझ्या पोटातून सगळी वाडी सारखी म्हणतेय, व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. मागून तात्या काठी टेकत. हरीला वाटेत स्वतःचीच तार आडवी आली. त्याने ती लाथेने पाडली की सुशांतने पायाने दाबून धरली, ते मला दिसलं नाही. मी हेलकावे खात होतो. मला एवढंच विचारायचं होतं की हा माणूस बदलला की घाबरला. पण टोपाला कोण उत्तर देतो?

मंडपात वेगळाच घोळ होता. मोठं भांडं नाही म्हणून सांबारं तीन लहान टोपांत घातलेलं. एकात वाटाणे कच्चे, एक करपायला लागलेलं, आणि तिसऱ्यात घाईघाईत मीठ दोनदा पडलेलं. रुक्मिणीकाकी कपाळाला हात लावून तिघांच्या मध्ये उभ्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी पदर खोचला.

"काय रे हरी, टोपाची पालखी काढलंस? आणि आत कोणाक बसवलंस, कोण बोलता?"

हरीने मला खाली ठेवलं. "आये," तो म्हणाला.

सगळ्यांच्या मागून तो लांबट आवाज आला. काकी माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी तो पुन्हा एकदा ऐकला, आणि आणखी एकदा. मग आत हात घातला, नेमकं बटण दाबलं, स्पीकर पुसला आणि पदरात धरून नेऊन पूजेच्या चौरंगाशेजारी ठेवला. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि आवाज नेहमीचा.

"बगतास काय? चिखल हाडा. हेका कोणी नेलपॉलिश लावल्यानी हा."

माझ्या लाखेवर त्यांनी चिखलराख थापली. खाली जाळ लागला तसा लाखेचा असा घाण वास सुटला की भटजींनी मंत्र नाकात म्हटले. तो वास जळून गेला आणि मग तीन टोपांचं सांबारं माझ्या एका पोटात ओतलं. कच्चे वाटाणे शिजले, खारट होतं ते बाकीच्यांत मिसळून बेताचं झालं, करपलेल्याचा नुसता वास राहिला आणि लोक त्याला चव म्हणाले. हरी कोणी न सांगता पळीने ढवळत होता. खोटं सांगणार नाही, तो वाईट ढवळत होता.

आरती झाली. तात्या नारळ घेऊन गाऱ्हाण्याला उभे राहिले. हरी पुढे सरकला, डोळे मिटून तयार. तात्या म्हणाले, "रुक्मिणीचो गुडघो बरो होवंदे." लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा." हरी गप्प. "आकांक्षाची परीक्षा आसा, तिच्या लक्षात रवांदे." हरी गप्प, तो आपल्या नावाची वाट बघत होता. "समुद्रात गेलेले घराक येवंदेत." यावर त्याचे ओठ हलले. "सुशांताक बायल गावांदे." मंडप हसला, आणि हरी इतरांबरोबर मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग तो म्हणतच राहिला. कोणाची गाय, कोणाचा मुंबईतला मुलगा, कोणाचं कोर्टातलं घर. आवाज चढत गेला. मला वाटतं, मध्येच कुठेतरी आपण इथे कशासाठी आलोय ते तो विसरला.

म्हणूनच तात्यांनी जेव्हा म्हटलं, "आणि म्हाराजा, सकाळी ह्या हरीच्या दारात जा बोलणा झाला, ता अजाण पोराचा समजून पोटात घाल. तेचो दरवाजो उघडो रवांदे, तेच्या घराक माणसां येवंदेत," तेव्हा हरी सवयीने तोंड उघडून बसला. रश्मीने त्याचा हात दाबला. आपलं आपण म्हणायचं नसतं. तो तसाच तोंड उघडं टाकून थांबला, आणि भोवतीची सगळी माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा." रुक्मिणीकाकींचा आवाज त्यात सगळ्यात पुढे होता. माझ्या पोटातलं सांबारंही त्याच क्षणी खदखदलं. ते 'व्हय' म्हणालं असं मी म्हणणार, पण माझं तुम्ही मानू नका.

जेवणं झाली. दुपार कलली. सुशांतने तिसऱ्यांदा सांबारं घेतलं, बोटं चाटली आणि हरीला विचारलं, "मगे हरीभाव, भोक कधी पाडूचा?"

माझ्या पोटात पळीभर सांबारं उरलं होतं. हरीने माझ्या काळ्या झालेल्या अंगाकडे पाहिलं. चेहऱ्यावर हळहळ होती. ती खोटी नव्हती. फोटो काढण्यासारखं माझ्यात आता काही उरलं नव्हतं. "टोप मोकळो झालो की बगू," तो म्हणाला.

तेवढ्यात वरच्या वाडीतला एक माणूस येऊन म्हणाला, परवा आमच्याकडे कार्य आहे, टोप मिळेल काय. हरीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "न्हेवा," तो म्हणाला. "पण सांभाळून." असं हौसाबाई कधी म्हणाली नव्हती. पण ती हौसाबाई होती आणि हा हरी आहे.

तेव्हापासून मी चुलाणावरून चुलाणावर फिरतोय. हरी सुधारला का, असं तुम्ही विचाराल, तर मला सांगता येत नाही. नळाचं कुलूप काढलंय, तार पुन्हा बांधलीय, मध्ये माणूस जाईल एवढी फट ठेवलीय. त्याच्या खोल्यांत पाहुणे येतात. वाडीतलीही माणसं येऊन ओट्यावर बसतात, आणि तो त्यांना चहा देतो आणि साखरेच्या डब्याकडे बघतो. माझ्या बुडावरचं खडूचं वर्तुळ जाळाने पुसून गेलं, पण सुशांतला जागा पाठ आहे. मधून मधून तो दारात येऊन विचारतो आणि हरी तेच सांगतो, टोप मोकळा झाला की बघू.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून विनंती. मला हात नाहीत, कड्या आहेत. कड्या जोडून म्हणा हवं तर. तुमच्याही घरात माळ्यावर, खोलीत, काचेच्या कपाटात एखादं मोठं भांडं पुसून ठेवलेलं असेल. ते खाली काढा. कोणी मागितलं तर द्या. काळं होईल, पोचा पडेल. भांड्याला त्याचं काही वाटत नाही, वाटतं ते तुम्हाला. आणि तुमच्याकडे लग्न, बारसं, पूजा, काहीही निघालं, तर खालच्या वाडीत हरिश्चंद्राकडे या आणि मला मागा. तो जरा कुरकुरेल. तुम्ही उभे राहा, तो देईल. यात माझा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही. मला फक्त मोकळा ठेवू नका.